लॉर्ड मिंटो आणि सिमल्यात दिलेला शब्द

शालेय इतिहासाच्या पुस्तकात १९०९ च्या मोर्ले-मिंटो सुधारणांवर जेमतेम एक परिच्छेद असतो. त्यात विभक्त मतदारसंघ हे दोन शब्द येतात आणि वर्गातील मुस्लिम मुलाकडे दोन-चार नजरा वळतात. आपल्यापैकी अनेकांनी हा अनुभव घेतला असेल. मुसलमानांनी मागितले, इंग्रजांनी दिले आणि तेथेच फाळणीचे बीज पडले, एवढे सांगून धडा पुढे सरकतो. दुसरीकडे आपल्याच समाजातील काही जुन्या मंडळींच्या बोलण्यात हाच मिंटो मिल्लतचा हितचिंतक म्हणून येतो. दोन्ही मते बहुधा ऐकीव असतात. साक्ष द्यायची तर माणूस पुरता ओळखून द्यावी आणि राग किंवा लोभ यांनी इन्साफाचा तोल ढळू देऊ नये, हे आपल्याला लहानपणापासून शिकवले जाते. म्हणून या माणसाचे चरित्र मुळापासून पाहणे उपयोगाचे आहे.

गिल्बर्ट जॉन एलियट यांचा जन्म ९ जुलै १८४५ रोजी लंडनमध्ये झाला. घराणे मात्र अस्सल स्कॉटिश. स्कॉटलंड आणि इंग्लंड यांच्या सीमेवर टेव्हियट नदीच्या खोऱ्यात मिंटो नावाचे गाव आहे. तेथील जहागिरीवरून या घराण्याला अर्ल ऑफ मिंटो हा किताब मिळाला. एकेकाळी या सरहद्दीवरील घराणी रात्री घोड्यांवरून शेजारच्या मुलखात शिरत आणि गुरे हाकून आणत. एलियट हे त्यांपैकीच एक. पुढे तलवारीची जागा वकिली आणि राजकारणाने घेतली, तरी घोड्याची ओढ रक्तातून गेली नाही.

या घराण्याचा हिंदुस्थानशी संबंध गिल्बर्ट यांच्यापासून सुरू होत नाही. त्यांचे पणजोबा, पहिले अर्ल मिंटो, १८०७ ते १८१३ या काळात गव्हर्नर जनरल होते. माउंटस्टुअर्ट एल्फिन्स्टन यांना काबूलच्या दरबारी वकिलातीवर पाठवले गेले ते त्यांच्याच कारकिर्दीत, आणि नंतर हेच एल्फिन्स्टन पुण्यात पेशव्यांच्या दरबारी रेसिडेंट म्हणून आले तेही त्याच काळात. १८११ मध्ये डच-फ्रेंच ताब्यातील जावा बेट इंग्रजांनी जिंकले, तेव्हा हे पणजोबा स्वतः आरमाराबरोबर गेले होते. महाराष्ट्र आणि जावा या दोन प्रदेशांचे भवितव्य ठरवण्यात या घराण्याचा हात होता, तेव्हा आपल्या चरित्रनायकाचा जन्मही झालेला नव्हता.

ईटन आणि केंब्रिज येथे त्यांचे शिक्षण झाले. ग्रंथांत त्यांचे मन फारसे रमले नाही. घोड्यांच्या अडथळ्यांच्या शर्यतींत मात्र ते मिस्टर रॉली या टोपणनावाने उतरत आणि नाव कमावत. सरदारपुत्राने आपले खरे नाव शर्यतीच्या फलकावर लावू नये, असा तेव्हाचा संकेत असावा. १८७६ मध्ये ग्रँड नॅशनल या प्रसिद्ध शर्यतीत ते घोड्यावरून पडले आणि त्यांच्या मानेचे हाड मोडले. अशा अपघातातून माणूस सहसा वाचत नाही, ते वाचले. मृत्यूला इतक्या जवळून पाहिलेल्या माणसाच्या स्वभावात एक प्रकारची निश्चिंती येते, आणि ती त्यांच्यात अखेरपर्यंत दिसते. अहमदाबादचा प्रसंग पुढे येईलच.

१८६७ मध्ये ते स्कॉट्स गार्ड्स या पलटणीत अधिकारी झाले आणि तीन वर्षांत नोकरी सोडून बाहेर पडले. शांततेच्या काळातील कवायतीचा त्यांना कंटाळा आला होता. त्यानंतरची बारा-पंधरा वर्षे हा मनुष्य जेथे युद्ध असेल तेथे जात राहिला. १८७१ मध्ये पॅरिसमध्ये कम्यूनचे बंड त्यांनी पाहिले. १८७४ मध्ये स्पेनमधील यादवी युद्धात ते वर्तमानपत्राचे बातमीदार म्हणून फिरले. १८७७ मध्ये रशियाने उस्मानी खिलाफतीवर चढाई केली, तेव्हा ते डॅन्यूब नदीकाठी तुर्की सैन्यासोबत होते. १८७९ मध्ये जनरल रॉबर्ट्स यांच्याबरोबर अफगाण युद्धात कुर्रमच्या खोऱ्यात गेले. त्याच वर्षी सप्टेंबरमध्ये काबूलमधील इंग्रज वकील कॅव्हानरी आणि त्यांची माणसे मारली गेली. त्याआधीच मिंटो मायदेशी परतले होते. १८८२ मध्ये इजिप्तमध्ये अहमद उराबी पाशांचा उठाव मोडण्यासाठी गेलेल्या फौजेत ते होते आणि तेथे जखमी झाले.

येथे क्षणभर थांबावेसे वाटते. तुर्क, अफगाण आणि मिसरी अशा तीन मुस्लिम कौमांना या माणसाने पाच वर्षांच्या आत रणांगणावर पाहिले. एकदा त्यांच्या बाजूने उभे राहून आणि दोनदा समोरून. त्याने मुसलमान ओळखला तो शिपाई म्हणून. मदरशात, बाजारात, शेतात किंवा कारखान्यात राबणारा मुसलमान त्याच्या अनुभवात नव्हता. व्हाइसरॉय झाल्यावर मुस्लिम समाजाकडे पाहण्याची त्यांची नजर कशी घडली, याचा थोडा उलगडा यातून होतो. लढवय्या, राज्य केलेला, मानी आणि शब्दाला जागणारा समाज, असे त्यांच्या मनातील चित्र होते. त्यात आदर होता, पण माहिती तोकडी होती.

१८८३ मध्ये मेरी ग्रे यांच्याशी त्यांचा विवाह झाला. मेरी यांचे वडील जनरल चार्ल्स ग्रे हे राणी व्हिक्टोरिया यांचे खाजगी सचिव होते, त्यामुळे राजघराण्याशी निकटचा संबंध जुळला. विवाहानंतर हे दांपत्य कॅनडात गेले. तेथील गव्हर्नर जनरल लॉर्ड लॅन्सडाऊन यांचे लष्करी सचिव म्हणून त्यांनी काम केले आणि १८८५ मध्ये लुई रिएल यांच्या नेतृत्वाखालील मेटी लोकांच्या उठावाविरुद्धच्या मोहिमेत जनरल मिडल्टन यांचे प्रमुख सहायक झाले. १८८६ मध्ये इंग्लंडच्या निवडणुकीत ते हेक्सम येथून उभे राहिले आणि पडले. लोकांच्या मतांवर निवडून येण्याचा त्यांनी केलेला हा प्रयत्न असा संपला. कोट्यवधी लोकांच्या मतदानाचे नियम ज्याच्या सहीने ठरायचे होते, तो स्वतः मतपेटीतून कधी निवडून आला नाही. १८९१ मध्ये वडिलांच्या निधनानंतर ते चौथे अर्ल ऑफ मिंटो झाले आणि लॉर्ड्सच्या सभागृहात वारसाहक्काने बसले.

१८९८ ते १९०४ या काळात ते कॅनडाचे गव्हर्नर जनरल होते. बोअर युद्धात कॅनडाने सैन्य पाठवावे की नाही, अलास्काची सरहद्द कोठे असावी, असे वाद तेव्हा गाजत होते. फ्रेंच भाषिक पंतप्रधान लॉरिए यांच्याशी त्यांचे खटके उडाले, पण संबंध तुटले नाहीत. क्षयरोगाच्या निर्मूलनासाठी तेथे संस्था उभी राहिली, तिला त्यांनी पाठबळ दिले. सहा वर्षांनी ते मिंटो गावी परतले. आता झाडे लावावीत, घोडे पाळावेत असा बेत होता.

तेवढ्यात हिंदुस्थानात लॉर्ड कर्झन आणि सरसेनापती किचनर यांचे भांडण विकोपाला गेले. १९०५ च्या ऑगस्टमध्ये कर्झन यांनी राजीनामा दिला. लंडनच्या सरकारला आता वादळ उठवणारा नको होता, शमवणारा हवा होता. मिंटो यांची निवड झाली. नोव्हेंबर १९०५ मध्ये ते मुंबईच्या किनाऱ्यावर उतरले तेव्हा साठ वर्षांचे होते. महिन्याभरापूर्वीच, १६ ऑक्टोबरला, बंगालची फाळणी अमलात आली होती. कोलकात्यात विलायती कापडाच्या होळ्या पेटत होत्या, पुण्यात टिळकांचा केसरी स्वदेशीचा पुरस्कार करत होता, तर पूर्व बंगालमधील मुस्लिम शेतकऱ्याला ढाक्याला राजधानी मिळाल्याचा आनंद होता. कर्झन यांनी घातलेल्या या गाठी आता मिंटो यांना सोडवायच्या होत्या.

डिसेंबरमध्ये लंडनमध्ये सरकार बदलले आणि जॉन मोर्ले भारतमंत्री झाले. मोर्ले हे पुस्तकांत बुडालेले उदारमतवादी विचारवंत. मिंटो हे घोड्यावर वाढलेले सरदार. दर आठवड्याच्या टपालाने दोघांची पत्रे जात-येत. कारभारात हिंदी लोकांना थोडा वाटा द्यावा, याबद्दल दोघांचे एकमत होते. किती आणि कोणाला, याबद्दल नव्हते. स्वराज्य द्यावे असे मात्र दोघांपैकी कोणालाही स्वप्नातही वाटले नाही, हे विसरता कामा नये.

२० जुलै १९०६ रोजी मोर्ले यांनी पार्लमेंटमध्ये सुधारणांचे सूतोवाच केले आणि अलीगढमध्ये अस्वस्थता पसरली. सर सय्यद अहमद खान (रह.) यांच्यानंतर कॉलेजची धुरा नवाब मोहसिन-उल-मुल्क वाहत होते. त्यांच्या आयुष्यातील उमेदीची वर्षे निजामाच्या चाकरीत हैदराबादला गेली होती; आपल्या मराठवाड्याचा कारभारही तेव्हा त्याच दरबारातून चाले. त्यांच्यापुढचा प्रश्न खरा होता. जुन्या कायदेमंडळात निवडणुकीच्या वाटेने मुसलमान क्वचितच पोहोचत. शिक्षणात आणि मालमत्तेत समाज मागे होता, आणि मताचा हक्क तर शिक्षण व मालमत्ता पाहूनच मिळणार होता. तरुण वर्ग म्हणू लागला होता की, अलीगढचे वडीलधारे गप्प बसले तर आम्ही काँग्रेसमध्ये जाऊ. मोहसिन-उल-मुल्क यांनी कॉलेजचे इंग्रज प्राचार्य आर्चबोल्ड यांना पत्र लिहून विचारले की, व्हाइसरॉय शिष्टमंडळाला भेटतील काय. आर्चबोल्ड यांनी सिमल्याला मिंटो यांचे खाजगी सचिव डनलॉप स्मिथ यांच्याशी बोलणे केले आणि होकार कळवला. अर्जाचा मसुदा सय्यद हुसेन बिलग्रामी यांनी लिहिला. तेही हैदराबादचेच.

१ ऑक्टोबर १९०६. सिमल्याच्या व्हाइसरॉय निवासातील नृत्याच्या दिवाणखान्यात पस्तीस मुस्लिम प्रतिष्ठित जमले होते. नवाब, जमीनदार, वकील, व्यापारी असे सारे उच्च वर्गातील. पुढारी होते आगाखान. वय अवघे अठ्ठावीस. मुंबई आणि पुण्यात त्यांची वास्तव्ये असल्याने आपल्याकडे ते परके नव्हते. त्यांनी अर्ज वाचला. मागणी अशी की, मुसलमानांना केवळ संख्येवर मोजू नये, त्यांचे राजकीय महत्त्व लक्षात घ्यावे आणि त्यांचे प्रतिनिधी त्यांनीच निवडावेत. मिंटो उभे राहिले. त्यांचे उत्तर आधीच लिहून तयार होते. निवडणुकीची कोणतीही पद्धत आली तरी मुसलमानांचे एक समाज म्हणून असलेले हक्क आणि हितसंबंध सुरक्षित राहतील, असा शब्द त्यांनी दिला. नंतर बागेत चहापान झाले. एका अपराह्णात सारे आटोपले.

त्या संध्याकाळी एका अधिकाऱ्याने लेडी मिंटो यांना चिठ्ठी पाठवली. आजचे काम फार मोठे झाले, सहा कोटी वीस लाख लोकांना राजद्रोही चळवळीत सामील होण्यापासून मागे खेचले गेले, अशा आशयाचा तो मजकूर होता. लेडी मिंटो यांनी तो आपल्या रोजनिशीत जपला आणि १९३४ मध्ये रोजनिशीचे पुस्तक छापले, तेव्हा तो जगापुढे आला. आपल्या बुजुर्गांनी ज्या दिवशी न्याय मिळाल्याचे समाधान मानले, त्याच दिवशी सरकारी गोटात त्याचा अर्थ काय लावला गेला, हे त्या चिठ्ठीतून कळते. पुढे १९२३ मध्ये मौलाना मोहम्मद अली जौहर (रह.) यांनीही भर सभेत त्या शिष्टमंडळाला हुकमावरून वठवलेला प्रयोग म्हटले.

मग हा केवळ इंग्रजांचा डाव होता काय? मला तसे वाटत नाही. मागणी अलीगढहून निघाली होती आणि तिच्यामागची भीती बनावट नव्हती. पण मागणाऱ्याची गरज आणि देणाऱ्याची सोय एकाच ठिकाणी जुळली की, त्यातून जे निघते ते दोघांच्याही हाती राहत नाही. एक गोष्ट खटकते ती वेगळीच. त्या दिवाणखान्यात कोकणचा मच्छीमार, मालेगावचा विणकर, बंगालचा शेतकरी यांच्यापैकी कोणी नव्हते. आणि त्यांच्या पोटापाण्याचा विषय त्या भेटीच्या केंद्रस्थानी नव्हता. मुंबईच्या मुसलमानांचा आणखी एक आवाज होता, न्यायमूर्ती बद्रुद्दीन तय्यबजी यांचा. १८८७ मध्ये काँग्रेसचे अध्यक्षपद भूषवलेल्या या गृहस्थांनी सर सय्यद यांच्याशी आदरपूर्वक मतभेद मांडला होता. ऑगस्ट १९०६ मध्ये लंडनमध्ये त्यांचे निधन झाले. सिमल्याची भेट त्यानंतर थोड्याच आठवड्यांनी झाली.

त्याच वर्षी डिसेंबरमध्ये ढाक्याला मुस्लिम लीग स्थापन झाली. तिच्या कराची येथील पहिल्या वार्षिक अधिवेशनाचे अध्यक्ष होते मुंबईचे सर आदमजी पीरभॉय. माथेरानची झुकझुक गाडी याच घराण्याने बांधली. मोहसिन-उल-मुल्क यांना हे अधिवेशन पाहता आले नाही. ऑक्टोबर १९०७ मध्ये सिमल्यातच त्यांनी जगाचा निरोप घेतला.

१९०७ च्या जानेवारीत अफगाणिस्तानचे अमीर हबीबुल्लाह हिंदुस्थानात आले आणि मिंटो यांनी आग्र्याला त्यांचे थाटात स्वागत केले. अठ्ठावीस वर्षांपूर्वी अफगाण भूमीवर शस्त्र घेऊन गेलेला पाहुणा आता यजमान होता. अमीर अलीगढलाही गेले. या कॉलेजात दीन शिकवला जात नाही, अशी तक्रार त्यांच्या कानी आली होती. त्यांनी स्वतः विद्यार्थ्यांची धार्मिक परीक्षा घेतली आणि समाधान झाल्यावर टीकाकारांना चांगलेच सुनावले. दोघा राज्यकर्त्यांत या भेटीत स्नेह जुळला. त्याच वर्षी लंडनने अफगाणिस्तानविषयी रशियाशी परस्पर करार केला आणि अमीरांना विचारलेही नाही, तेव्हा त्या स्नेहावर पाणी पडले.

मिंटो यांच्या कारभाराची दुसरी बाजू महाराष्ट्राने चांगलीच अनुभवली. १९०७ मध्ये पंजाबात लाला लजपतराय आणि अजितसिंग यांना चौकशीविना मंडालेला पाठवले गेले. मात्र ज्या वसाहत कायद्याने पंजाबचा शेतकरी चिडला होता, तो मिंटो यांनी आपला नकाराधिकार वापरून रद्द केला आणि पुरावा नाही हे दिसल्यावर त्या दोघांना काही महिन्यांत सोडले. १९०८ मध्ये मुजफ्फरपूरच्या बाँबनंतर स्फोटकांचा आणि वर्तमानपत्रांचा असे दोन कडक कायदे आले. जूनमध्ये मुंबईत टिळकांना अटक झाली, २२ जुलैला सहा वर्षांची शिक्षा झाली. त्यांच्या जामिनासाठी न्यायालयात उभा राहिलेला तरुण वकील म्हणजे मोहम्मद अली जिना. मुंबईतील गिरणी कामगारांनी संप केला आणि रस्त्यावर गोळीबारात माणसे पडली.

सुधारणांच्या कामात मिंटो यांनी एका बाबतीत खरी हिंमत दाखवली. व्हाइसरॉयच्या कार्यकारी मंडळात हिंदी माणूस असावा, हा आग्रह त्यांनी सोडला नाही. मंडळातील सहकारी नाखूश होते, राजे सातवे एडवर्ड तर उघड विरोधात होते. तरीही मार्च १९०९ मध्ये सत्येंद्र प्रसन्न सिन्हा कायदा सदस्य झाले. त्यांच्यानंतर ती जागा सय्यद अली इमाम यांना मिळाली.

विभक्त मतदारसंघाचा गुंता मात्र वाढत गेला. नोव्हेंबर १९०८ मध्ये मोर्ले यांनी तोडगा सुचवला की, हिंदू-मुसलमान मतदारांनी मिळून एक निवडमंडळ निवडावे आणि त्याने मुसलमानांसाठी राखलेल्या जागाही भराव्यात. जागा राखीव, मतदान एकत्र. लीगने याला विरोध केला. लंडनमध्ये सय्यद अमीर अली शिष्टमंडळ घेऊन मोर्ले यांच्याकडे गेले आणि सिमल्याच्या शब्दाची आठवण दिली गेली. मोर्ले माघारले. हा प्रश्न तुमच्या त्या भाषणानेच उभा केला, असा टोमणा त्यांनी नंतर पत्रातून मिंटो यांना मारला. आज मागे वळून पाहताना त्या टाकून दिलेल्या तोडग्यापाशी मन रेंगाळते. एकत्र मतदान आणि राखीव जागा यांची सांगड तेव्हाच स्वीकारली गेली असती तर काय झाले असते, हे अल्लाहलाच ठाऊक. तेव्हाच्या आपल्या बुजुर्गांना वाटले की, इतरांच्या मतांवर निवडून आलेला मुसलमान आपला राहणार नाही. ही भीती अगदीच चुकीची होती, असेही म्हणवत नाही.

१३ नोव्हेंबर १९०९ रोजी अहमदाबादच्या रस्त्यावरून मिंटो पती-पत्नींची बग्गी चालली असता तिच्यावर दोन बाँब फेकले गेले. दोन्ही फुटले नाहीत. तेथे पडलेली वस्तू नंतर उचलणाऱ्या एका माणसाला मात्र गंभीर इजा झाली. मिंटो यांनी दौरा तसाच पुढे चालू ठेवला. दोनच दिवसांनी, १५ नोव्हेंबरला, नव्या कायद्याचे नियम प्रसिद्ध झाले. मध्यवर्ती कायदेमंडळात सत्तावीस सदस्य निवडून येणार होते. बहुमत सरकारी माणसांचेच राहिले. मुसलमानांना वेगळ्या जागा मिळाल्या. पण मत कोणाला? जमीनदार, कर भरणारे, पदवीधर, किताबधारी अशा थोड्यांना. पुढच्याच महिन्यात नाशिकला कलेक्टर जॅक्सन यांचा खून झाला आणि १९१० च्या फेब्रुवारीत आणखी एक वृत्तपत्र कायदा आला. एका हाताने प्रतिनिधित्व आणि दुसऱ्या हाताने मुस्कटदाबी, असा हा काळ.

मुंबई इलाख्याची मध्यवर्ती मुस्लिम जागा जिंकून कोलकात्यात कोण गेले, तर जिना. १९०६ मध्ये ते काँग्रेसच्या अधिवेशनात दादाभाई नौरोजींचे सचिव होते आणि सिमल्याच्या शिष्टमंडळाला आपले प्रतिनिधित्व कोणी दिले, असा सवाल त्यांनी वर्तमानपत्रातून केला होता. ज्या व्यवस्थेला विरोध केला, तिच्याच दारातून ते आत गेले. २५ फेब्रुवारी १९१० रोजी गोपाळ कृष्ण गोखले यांनी नाताळला जाणारी हिंदी मजुरांची भरती थांबवण्याचा ठराव मांडला. त्यावर बोलताना जिनांनी दक्षिण आफ्रिकेतील वागणुकीला क्रूर म्हटले. अध्यक्षस्थानी बसलेल्या मिंटो यांनी हा शब्द फार कडक असल्याचे सांगून त्यांना अडवले. जिनांनी शांतपणे उत्तर दिले की, याहून कडक शब्द वापरण्याची इच्छा होती, पण सभागृहाची मर्यादा पाळून थांबलो आहे. ठराव कोकणातून आलेल्या गोखल्यांचा, पाठिंबा मुस्लिम जागेवरील सदस्याचा आणि प्रश्न हिंदू-मुसलमान दोन्ही मजुरांचा. वेगळ्या मतपेटीतून आलेला माणूस वेगळाच वागतो, या समजुतीला त्या दिवशी त्याच सभागृहात तडा गेला होता. मिंटो यांच्या ते कितपत ध्यानात आले, कोण जाणे.

नोव्हेंबर १९१० मध्ये लॉर्ड हार्डिंग यांच्या हाती कारभार सोपवून ते मायदेशी निघाले. वर्षभरातच, डिसेंबर १९११ च्या दिल्ली दरबारात, बंगालची फाळणी रद्द झाली. पूर्व बंगालच्या मुसलमानांना कोणी विचारले नाही. सरकारच्या मेहरबानीवर विसंबणाऱ्यांना तो मोठा धक्का होता. मौलाना शिबली नोमानी (रह.) यांनी लीगच्या राजनिष्ठ राजकारणावर कठोर टीका लिहिली ती याच सुमारास. इंग्रजांचा एक शब्द राहिला, दुसरा मोडला. राहिला तो मिंटो यांचा. १९१६ मध्ये लखनौला काँग्रेस आणि लीग यांचा करार झाला, तेव्हा मंडालेहून परतलेल्या टिळकांनी विभक्त मतदारसंघ मान्य केले आणि मुंबई इलाख्यात निवडून येणाऱ्या जागांपैकी एक तृतीयांश मुसलमानांना देण्याचे ठरले. शालेय धड्यात सिमला असतो, लखनौही असते. पण दोन्हींचा सांधा मुलांना क्वचितच दाखवला जातो.

मिंटो हे सारे पाहायला राहिले नाहीत. परतल्यावर प्रकृती ढासळत गेली आणि १ मार्च १९१४ रोजी, वयाच्या ६८ व्या वर्षी, टेव्हियटच्या खोऱ्यातील आपल्या घरी त्यांचे निधन झाले. पाच महिन्यांनी महायुद्ध पेटले. धाकटा मुलगा एस्मंड १९१७ मध्ये रणांगणावर मारला गेला.

त्यांच्या नावाच्या खुणा उपखंडात विखुरल्या आहेत. अलीगढला मिंटो सर्कलमध्ये अजूनही मुले शिकतात. अलाहाबादला राणीच्या जाहीरनाम्याच्या स्मारकाची कोनशिला त्यांच्या हस्ते बसली. त्यासाठी खटपट करणारे पंडित मदन मोहन मालवीय हे विभक्त मतदारसंघाचे कट्टर विरोधक होते, आणि ते मिंटो पार्क आज मालवीयांच्या नावाने आहे. लाहोरच्या मिंटो पार्कमध्ये २३ मार्च १९४० रोजी मुस्लिम लीगचे अधिवेशन चालू होते आणि पाकिस्तानचा ठराव तेथेच मांडला गेला. ते मैदान आता इक्बाल पार्क म्हणून ओळखले जाते. दिल्लीत रेल्वेखाली एक जुना पूल आहे. पावसाळ्यात तेथे पाणी तुंबते, बसगाड्या अडकतात आणि वर्तमानपत्रांत छायाचित्रे येतात. सरकारी कागदावर त्या पुलाचे नाव शिवाजी ब्रिज आहे. दिल्लीकर मात्र त्याला अजून मिंटो ब्रिज म्हणतात.